सोळा आणे पुठ्ठा

माझ्या मोबाईलमध्ये नातवंडांचे फोटो नाहीत, कारण नातवंडं अजून झालेली नाहीत. बायका सकाळी सकाळी पाठवतात ते देवाचे थोडे आहेत. बाकी सगळे गोऱ्ह्यांच्या ढुंगणांचे. एकदा इथे कुवेतमध्ये अब्बासियाच्या बसमध्ये शेजारच्या मल्याळी बाईने वाकून बघितलं आणि पुढे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिला काय सांगणार? आमच्या ह्यांचं पोट त्या ढुंगणांवर चालत होतं आणि माझं ह्यांच्यावर.

हे कुवेतला आले ते मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत पंपांचे मेकॅनिक म्हणून. ते कंत्राट संपलं तेव्हा कुणीतरी सांगितलं की एका कुवेतीचा वफ्राला गोठा आहे, कापायची जनावरं पाळतो, त्याला सुपरवायझर हवाय. हे गेले आणि सांगून आले, "आमचं पिढ्यान् पिढ्या गुरांचं घर." आता बघा, ह्यांचे वडील पोस्टात होते. गाय कुठल्या बाजूने दूध देते हे ह्यांना लग्नानंतर कळलं. गुरांचं घर माझं. पण नवरा बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवताना विचारत नाही, तर बायकोचं माहेर वापरताना कशाला विचारेल?

माझे वडील हेडी होते, गुरांचे दलाल. सांगोल्याच्या बाजारात मला बरोबर न्यायचे, कारण शाळेला जाण्यापेक्षा ते स्वस्त पडायचं. मला जनावराच्या मागे उभं करायचे आणि म्हणायचे, "पुढून जनावर मालकासारखं दिसतं, मागून स्वतःसारखं. सांग, पुठ्ठा किती?" पुठ्ठा म्हणजे मागचा भाग, कमरेच्या हाडापासून खाली मांडीपर्यंतचा. मापायचा आण्यांत. बारा आणे, साडेबारा, तेरा. माझं चुकलं की हातातल्या काठीने बोटांवर एक. बैल शेण टाकत असायचा, बाजार हसत असायचा, आणि मी बोटं चोखत पुढच्या बैलामागे. चौथीनंतर माझी शाळा तीच. सोळा आणे वडिलांनी कधीच कुणाला दिले नाहीत. "सोळा आणे पुठ्ठा फक्त देवळातल्या नंदीचा," म्हणायचे, "तोही दगडाचा आहे म्हणून."

मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी मला कोपऱ्यातून पाण्याचा तांब्या आणायला लावला. मी पाठ फिरवून गेले. मागून त्यांचा आवाज आला, "पाठीमागून बरी भरलेली आहे, सुटेल पटकन." सगळे हसले आणि माझे वडील तर सगळ्यांत मोठ्याने. "चौदा आणे!" म्हणाले. बापाने मला दिलेलं तेवढं एकच कौतुक. पुढे मुलीच्या वेळी दोन दिवस मी गुरासारखी ओरडत होते. शेवटी मिरजेला नेऊन पोट फाडलं तेव्हा ती बाहेर आली. बाहेरून भरलेलं असणं आणि आत वाट असणं वेगळं, हे तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. नाही शिरलं. माणूस स्वतःच्या हाडांवरून शिकत नाही, हे खरं.

तर वफ्राचा गोठा. तिथे दावणीवर कापायची जनावरं असायची, जहाजाने येणारी. नांगराला नाहीत, दुधाला नाहीत. हे सुरुवातीला रोज घामाघूम होऊन फोन करायचे, "अगं, मालक विचारतोय कुठली जात मागे जास्त भरते, पुढच्या वेळी कुठली मागवू? मी काय सांगू?" मी म्हटलं, "अहो, मागून फोटो काढून पाठवा." तिथून सुरू झालं.

फोटो हे काढत नसत. ह्यांना शेपटी धरायचीही भीती. फोटो काढायचा गोठ्यावरचा गवळी, पाकिस्तानातल्या पंजाबचा, पन्नाशीचा माणूस. जनावराला सरळ उभं करायचा, चारही पाय सारखे, शेपटी एका बाजूला आणि मग फोटो. त्याला लिहिता येत नव्हतं, मलाही हिंदी लिहिता येत नाही, म्हणून तो बोलून पाठवायचा. मला बाजी म्हणायचा, म्हणजे ताई.

"बाजी, ये काला वाला देखो. कितने आने?"

मी सांगायची. तो काळा, बिनशिंगांचा, ठेंगणा. मागून बघितलं तर लोखंडी ट्रंक. चौकोनी. मी पहिल्यांदा तेरा आणे दिले आणि चुकले. कारण तो चौकोन चरबीचा होता. हे मी माझी मीच शिकले, कुणी सांगितलं नाही. चरबी शेपटीच्या बुडाशी साठते, वरच्या बाजूला. खरं मांस खाली भरतं, गुडघ्याच्या वर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला. मागून उभं राहून बघायचं की जनावर सगळ्यांत रुंद कुठे आहे. कमरेच्या हाडाशी रुंद असेल तर ते हाड. मांडीशी रुंद असेल तर ते मांस. आणि मांस असलेलं जनावर पाय फाकवून उभं राहतं, दोन्ही काखांत पिशव्या घेतलेल्या माणसासारखं.

वशिंडवाले राखाडी यायचे, आपल्याकडच्यासारखेच, ऑस्ट्रेलियातून. त्यांना बघून मला माहेर आठवायचं, पण पुठ्ठा उतरता, मांडी मागून चपटी. उन्हात टिकायचे बिचारे, मरायचे नाहीत. पण कुवेतमध्ये मेलं नाही म्हणून कुणी कौतुक करत नाही. नऊ आणे, फार तर साडेनऊ. आणि पांढरट पिवळे, थोराड, युरोपातले. त्यांची मांडी थेट खालच्या सांध्यापर्यंत भरलेली, कुठे खळगा नाही. ते चौदा. मी अब्बासियात चौथ्या मजल्यावर पोळ्या लाटत आणे वाटायची आणि तिकडे कत्तलखान्यात माझं गणित खरं निघायचं. मालक ह्यांच्या पाठीवर थाप मारायचा.

तुम्ही म्हणाल, हिंदू बाई, गायबैल कापायला माप देते, काही वाटलं नाही का? सुरुवातीला वाटलं. फोटो बघून झाला की हात धुवायची. मग हात धुवायचंही विसरले. संकष्टीला मात्र फोटो बघत नसे. माणूस आपल्याला परवडेल तेवढंच पाप मानतो.

त्या गवळ्याची आणि माझी चांगली जमायची. तो चिडवायचा, "बाजी, आप के आने हमारे यहाँ नहीं चलते. आप जानवर को पीछे से देखती हो. मैं अंदर से देखता हूँ."

"अंदर से तो कसाई देखता है," मी म्हणायची.

"और माँ," तो म्हणायचा.

मग आल्या त्या चार कालवडी. मालकाला हौस. दिवाणियातल्या, म्हणजे पुरुषांच्या रात्रीच्या बैठकीतल्या, कुणा मित्राने बेल्जियमहून आणल्या म्हणून ह्याने आणल्या. पांढऱ्या, अंगावर निळसर झाक. फोटो आला तेव्हा मी पीठ मळत होते. माझा हात परातीतच राहिला. असला पुठ्ठा मी जन्मात बघितला नव्हता. दोन मांड्या म्हणजे दोन मोठे कणकेचे गोळे, मध्ये खोल घळ, कातडी एवढी पातळ की आतला स्नायू न् स्नायू मोजून घ्यावा. रुंदी तर अशी की गोठ्याच्या दारात अडेल. मी बोलून पाठवलं, "सोळा आणे." आयुष्यात पहिल्यांदा. बापाच्या नाकावर टिच्चून.

त्या गाभण राहिल्या. गवळी ह्यांना सांगायला लागला की ह्या जातीचं वासरू असं सुटत नाही, कूस कापूनच काढावं लागतं. सौदीत त्याने एक बघितली होती. डॉक्टरला आधीच तारीख सांगून ठेवा, त्या दिवशी तो जवळ पाहिजे. ह्यांनी मला विचारलं. मी फोटो पुन्हा उघडला, बोटांनी मोठा केला. आमच्याकडे मागे रुंद गाय म्हणजे सोपी सुटणारी गाय. आमच्या खिल्लार गुरांत मांस नसतंच, जी रुंदी दिसते ती हाडाची. माझ्या डोळ्याला दुसरी रुंदी माहीतच नव्हती. कापायच्या गोऱ्ह्यांत मी मांस न् हाड वेगळं करायला शिकले होते, पण गाभण कालवड समोर आली आणि मी पुन्हा बापाच्या बाजारात जाऊन उभी राहिले.

म्हटलं, "काही नको डॉक्टर-बिक्टर. एवढी रुंद आहे, शिंकली तरी सुटेल."

हे तेच वाक्य मालकाला पाहुण्यांसमोर बोलून आले. मालक हसला आणि म्हणाला, ठीक. पहिलं वासरू न कापता जिवंत आलं तर तुझा इकामा मी पुढे वाढवतो. नाही आलं तर तू भारतात जा आणि तिकडे शिंका मोज. ह्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दोन महिन्यांत संपत होता. मुलगी बारावीला. तिची परीक्षा आणि आमचं कुवेत, दोन्ही त्या कालवडीच्या मागच्या बाजूला टांगलेलं.

शुक्रवार होता, थंडीचे दिवस. पहाटे गवळ्याचा फोन आला, कालवड बसते उठते आहे. हे म्हणाले, "चल तू पण. तू जवळ असलीस की बरं." मी चपात्या, बटाट्याची भाजी, ठेचा डब्यात भरला. थंडीत शुक्रवारी लोक वफ्राला सहलीला जातात, तसं वाटलं मला. एवढ्या वर्षांत त्या गोठ्यावर मी पहिल्यांदा जात होते.

पोचलो तेव्हा आठ वाजले होते. मोबाईलमध्ये जनावर कसं गप्प असतं. इथे ती कण्हत होती. जीभ बाहेर, डोळे बटाट्याएवढे. मागून वासराचे दोन खूर दिसत होते, फक्त खूर, आणि ते मनगटाएवढे जाड. गवळी तिच्या कमरेवर हात ठेवून उभा. मला बघून एवढ्यातही हसला.

"बाजी, आ गईं? देख लो अपने सोलह आने."

मी पदर खोचला, हाताला तेल लावलं. लहानपणी अडलेल्या गाईला वडील माझाच हात घालायला लावायचे, हात बारीक म्हणून. आत घातला. वासराचं डोकं लागलं, तेही हाडाच्या अलीकडे नाही, पलीकडे. आणि दोन हाडांमध्ये जागा किती? माझी चार बोटं. आडवी. बाहेर एवढा मोठा डोंगर, आत उंदराचं बीळ. सगळी रुंदी मांसाची. मांसच आत घुसून वाट खाऊन बसलेलं. वासरू जिवंत होतं. माझ्या बोटाला चोखायला लागलं.

मला तिथेच सगळं कळलं.

गवळी म्हणाला, "दो ही रास्ते हैं. अभी डॉक्टर को बुलाओ. नहीं तो अभी छुरी. हलाल कर दो, गोश्त तो बचेगा, और इसकी तकलीफ़ भी खत्म."

हे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर बोलावला तर ह्यांचा शब्द खोटा, इकामा गेला. हे डोळ्यांनी मला म्हणत होते, नको म्हण. आणि सुरी... आता काय सांगू तुम्हाला. हजार गोऱ्ह्यांना आणे देणारी मी, मी म्हटलं, "माझ्यासमोर गाय कापायची नाही. ते पाप मी बघणार नाही."

"मग?" ह्यांनी विचारलं.

हात अजून रक्ताने माखलेला होता. चार बोटं वाट आहे हे त्या हाताला माहीत होतं. मी म्हटलं, "निघेल. दोर लावा. ओढा."

खुरांना दोर बांधला. चार माणसं ओढायला लागली. ती आडवी पडली. माणसं दमली तेव्हा हे म्हणाले, दोर पिकअपला लावू. गवळ्याने दोर हातात धरून ठेवला, सोडेना. म्हणाला, "साहब, ये गाड़ी खींचने की चीज़ नहीं है." ह्यांनी त्याला शिवी दिली, आईवरून. त्याने दोर सोडला. मी तोंड फिरवून चहाच्या खोलीत गेले. आवाज आला. तो कसला होता ते मी लिहिणार नाही, पण मिरजेला जायच्या आधी दोन दिवस तो माझ्या तोंडून निघत होता, मी ओळखला.

डॉक्टरला अखेर गवळ्यानेच स्वतःच्या फोनवरून बोलावलं, कुणाला न विचारता. इजिप्शियन डॉक्टर, लांबून आला. वासरू गेलं होतं. कालवड त्याची पेटी उघडेपर्यंत गेली. तो हात धुता धुता म्हणाला, सकाळी बोलावलं असतं तर दोन्ही जगली असती. आता मेलेलं जनावर, सुरी न लागलेलं, मुसलमानाला चालत नाही. तो सोळा आणे पुठ्ठा पालिकेच्या गाडीने उचलायचा, खड्ड्यात टाकायचा, वर चुना. एक किलोही कुणाच्या पोटात जाणार नव्हता.

जुम्म्याची नमाज आटपून मालक आला, पाहुणे घेऊन. जेवणाची तयारी करून आला होता बिचारा. पडलेली कालवड बघितली. ओरडला नाही. मोडक्या हिंदीत विचारलं, "कौन बोला डॉक्टर नहीं?"

मालकाला तिथे सगळे बाबा म्हणतात. हे गवळ्याकडे बोट करून म्हणाले, "बाबा, ये बोला. बोला, मैं खींच के निकालता, डॉक्टर नहीं चाहिए."

मी ह्यांच्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात ह्यांना एवढं पटकन उत्तर सुचलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

गवळी चिडला नाही. म्हणाला, "बाबा, मैंने डॉक्टर भी माँगा, छुरी भी माँगी. बाजी खड़ी थीं. बाजी से पूछ लो."

मालक माझ्याकडे वळला. "माँ, तुम बोलो. माँ झूठ नहीं बोलता."

मुलगी घरी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसली होती. चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. गावाकडे परत, सासूच्या पडक्या खोल्यांत, ह्यांच्या पन्नाशीत. हे सगळं एका क्षणात आलं असं मी म्हणणार नाही. ते सकाळपासून आलेलंच होतं. मी म्हटलं, "मेरे को क्या मालूम? मैं औरत जात. मैं अंदर चाय बना रही थी."

मालकाने माझ्या हातांकडे बघितलं. हात मी कोपरापर्यंत धुतले होते, पण हिरव्या बांगड्यांच्या मधल्या फटींत रक्त वाळून काळं झालेलं होतं. त्याला दिसलं. मला दिसलं की त्याला दिसलं. पण सुपरवायझर नवा शोधायला महिने लागतात आणि चारा घालणारा माणूस आठवड्यात मिळतो. त्याने नजर वळवली आणि गवळ्याला अरबीत दोन वाक्यं बोलला. त्यातलं 'खलास' मला कळलं.

गवळी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बाजी."

आम्ही निघालो तेव्हा तो पिकअपच्या काचेवर टकटक करत आला. मला वाटलं, आता थुंकणार. थुंकला असता तर बरं झालं असतं. त्याच्या हातात माझा डबा होता. "आप का डिब्बा रह गया था," म्हणाला. डबा जड होता. सकाळपासून कुणी काही खाल्लंच नव्हतं. हायवेला लागल्यावर ह्यांनी तो उघडला आणि गाडी चालवता चालवता दोन चपात्या खाल्ल्या. "ठेचा झकास झालाय," म्हणाले. मीही एक खाल्ली. भूक लागली होती, खोटं कशाला सांगू.

गवळी पंधरा दिवसांत पाकिस्तानला परत गेला. ह्यांचा इकामा वाढला. राहिलेल्या तीन कालवडींच्या वेळी डॉक्टर आदल्या दिवसापासून गोठ्यावर झोपला. तिघींच्या कुशी कापल्या, तिन्ही वासरं जगली. हे सगळ्यांना सांगतात, "ही जात कापल्याशिवाय सुटत नाही, मी पहिल्यापासून म्हणत होतो." मुलगी पास झाली, चांगल्या मार्कांनी. फोटो अजून येतात, आता नवा माणूस काढतो, शेपटी नीट धरत नाही. मी आणे देते. वासरांना मी साडेपंधरा दिले.

गेल्या महिन्यात एक फोटो आला, ओळखीच्या नसलेल्या नंबरावरून. पाकिस्तानचा नंबर. गाय, मागून, चारही पाय सारखे, शेपटी एका बाजूला. लाल, हाडकुळी, पोट उतरलेलं, आठ दिवसांत व्यायला होईल अशी. खाली त्याचा आवाज. मी मुलगी शेजारी नाही ना बघून फोन कानाला लावला.

"बाजी, सलाम. अपनी है, पहली बार की. घर में बस यही एक है. यहाँ डॉक्टर बहुत दूर है. ज़रा देख के बताओ, आराम से ब्याएगी?"

आवाजात टोमणा असेल म्हणून मी दोनदा ऐकला. तिसऱ्यांदाही. नव्हता. त्याला खरंच माझा डोळा हवा होता.

मी फोटो मोठा केला. कमरेचं हाड बघितलं, शेपटीचं बूड, मांडी. मांडीवर मांस नव्हतंच, रुंदी हाडाची होती. मला वाटतं सोपी सुटेल. असं मला वाटतं. बोलायचं बटण दाबून धरलं आणि सोडून दिलं. मागेही मला वाटलं होतं.

"कुणाचा गं?" ह्यांनी विचारलं.

"चुकून आलाय," म्हटलं.

त्याच्याकडे दोन निळ्या खुणा गेल्या असतील. मी बघितलंय एवढं त्याला कळलं. आठ दिवस कधीच उलटून गेले.